एका चांद्रयानासाठी दोन रॉकेटं कशाला?

चांद्रयान-४ मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. चंद्रावर उतरायचे, तिथली थोडी माती-दगड गोळा करायचे आणि ते घेऊन पृथ्वीवर परत यायचे, असा हा बेत आहे. त्या बातमीतला एक तपशील अनेकांना कोड्यात टाकतो. हे यान एकाच वेळी उडणार नाही. त्याचे भाग दोन वेगवेगळ्या रॉकेटांनी वर जातील आणि अंतराळात एकमेकांना जोडले जातील. अमेरिकेने १९६९ मध्ये तीन जिवंत माणसे एकाच रॉकेटने चंद्राकडे धाडली होती. मग मूठभर मातीसाठी आपल्याला दोन रॉकेटं का लागावीत?

याच जातीचा आणखी एक प्रश्न २०२३ पासून विचारला जातो. अपोलो-११ तीन दिवसांत चंद्राजवळ पोहोचले, चांद्रयान-३ ला उतरायला ४० दिवस लागले, असे का? आणि तिसरा प्रश्न कौतुकाचा: आपले मंगळयान इतके स्वस्तात कसे झाले?

माझ्या मते या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. आपले रॉकेट किती वजन किती वेगाने फेकू शकते, यावर हे सगळे ठरते. हे वजनाचे गणित एकदा समजले की आपल्या अंतराळ कार्यक्रमाच्या साठ वर्षांतल्या बहुतेक निर्णयांचा उलगडा होतो.

वर जाणे सोपे, वर राहणे अवघड

अंतराळ तसे दूर नाही. जमिनीपासून १०० किलोमीटरवर ते सुरू होते असे मानतात, म्हणजे मुंबई-पुण्यामधल्या अंतराहूनही कमी. पण नुसते तितके वर गेले तर यान दगडासारखे खाली येईल. कारण तिथेही पृथ्वीची ओढ असतेच. अगदी ४०० किलोमीटर उंचीवरसुद्धा ती जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे ९० टक्के भरते.

मग उपग्रह पडत का नाही? खरे तर तो सतत पडतच असतो. पण पडता पडता तो आडवा इतक्या वेगाने पळतो, की त्याच्याखालची गोल जमीनही तितकीच खाली वळत जाते. पडणे संपतच नाही. पडत राहण्याच्या या वाटोळ्या वाटेला कक्षा म्हणतात. त्यासाठी लागणारा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर आहे. मुंबईहून निघून वीसेक सेकंदांत पुणे! चंद्राकडे जायचे तर तो जवळपास ११ किलोमीटरवर न्यावा लागतो.

म्हणजे रॉकेटचे खरे काम उंची गाठण्याचे नाही, वेग देण्याचे आहे. आपला मुख्य प्रक्षेपण तळ पूर्व किनाऱ्यावर, आंध्र प्रदेशातल्या श्रीहरिकोटाला आहे, त्यामागे हेही एक कारण. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. पूर्वेला झेपावणाऱ्या रॉकेटला तिथे सेकंदाला सुमारे ४५० मीटरचा वेग आयता मिळतो, आणि वाटेत काही कोसळलेच तर खाली समुद्र असतो.

ओझे वाहण्यासाठी ओझे

आता गणिताचा गाभा. एक वाटसरू अशा मुलखातून निघाला आहे जिथे वाटेत विहीर नाही, ओढा नाही, गाव नाही. सगळे पाणी त्याला डोक्यावर न्यायचे आहे. जितके लांब जायचे तितके पाणी जास्त. पाणी जास्त म्हणजे ओझे जास्त, ओझे जास्त म्हणजे तहान जास्त, आणि तहान जास्त म्हणून पुन्हा पाणी जास्त. अंतर दुप्पट झाले तर पाणी दुप्पट घेऊन भागत नाही, ते कितीतरी पटींनी वाढते.

रॉकेटची स्थिती हीच आहे. शिवाय इंधन जाळायला लागणारा ऑक्सिजनही त्याला बरोबरच न्यावा लागतो, कारण वर हवा नाही. म्हणून रिकामा झालेला हंडा वाटसरू जसा फेकून देईल, तसे रॉकेटही रिकाम्या टाक्या आणि इंजिने टाकत जाते. एकावर एक रचलेल्या या भागांना टप्पे म्हणतात.

तरीही हिशेब कठोरच राहतो. चांद्रयान-३ नेणारे एलव्हीएम-३ हे आपले सर्वांत ताकदवान रॉकेट उड्डाणाच्या क्षणी सुमारे ६४० टनांचे असते. त्यातून चंद्राच्या दिशेच्या पहिल्या लांबट कक्षेत पोहोचले ३.९ टन. शंभर किलोमागे साधारण ६०० ग्रॅम! बाकी सारे जळाले किंवा समुद्रात पडले. अपोलोचे सॅटर्न-५ हे रॉकेट जवळजवळ २,९०० टनांचे होते आणि चंद्राकडे ४५ टनांच्या आसपास फेकत होते. तुलना करताना आधी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

सतरा टनांपासून सुरुवात

केरळातल्या थुंबा या मच्छीमार गावातून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले रॉकेट उडाले. ते अमेरिकी बनावटीचे, छोटे, वर जाऊन खाली येणारे होते. गावातल्या चर्चची इमारत हेच कार्यालय होते. विक्रम साराभाईंनी पाया घातला, १९६९ च्या स्वातंत्र्यदिनी इस्रोची स्थापना झाली. आर्यभट हा आपला पहिला उपग्रह १९७५ मध्ये सोव्हिएत रॉकेटने वर गेला, कारण आपल्याकडे ते नव्हतेच.

आपले पहिले प्रक्षेपक, एसएलव्ही-३, अवघ्या १७ टनांचे होते. १९७९ चे उड्डाण फसले. १८ जुलै १९८० ला त्याने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला. त्यातले इंधन घन स्वरूपाचे होते. आपले शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांनी थुंब्यात ज्या घन इंधनाच्या संशोधनाचे नेतृत्व केले, त्याच परंपरेतून पुढे एलव्हीएम-३ चे दोन प्रचंड बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जादा जोर देणारी जोड-रॉकेटं, आले. त्या प्रत्येकात २०० टनांहून अधिक घन इंधन ठासलेले असते. घन इंधन भरायच्या अशा नळकांड्यांच्या आवरणांचे काम इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला होते, तर द्रव इंधनावरची विकास इंजिने मुंबईत विक्रोळीला तयार होतात. महाराष्ट्रातल्या मुलांना हे शाळेत आवर्जून सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

पुढे पीएसएलव्ही आले. १९९३ चे पहिले उड्डाण अपयशी, १९९४ चे यशस्वी. त्याची मोठी आवृत्ती ३२० टनांची आहे. चांद्रयान-१, मंगळयान आणि सूर्याचा अभ्यास करणारे आदित्य-एल१ ही तिन्ही याच रॉकेटने गेली, आणि तिन्ही दीड टनाच्या आतली होती. हा योगायोग नाही. रॉकेटने जेवढी जागा दिली तेवढ्यात यान बसवले गेले.

शून्याखाली २५३ अंशांची लढाई

टेलिव्हिजन आणि हवामानाचे मोठे उपग्रह ३६,००० किलोमीटरवर ठेवावे लागतात आणि ते जड असतात. पीएसएलव्हीला ते झेपणारे नव्हते. त्यासाठी वरच्या टप्प्यात क्रायोजेनिक इंजिन हवे होते. क्रायोजेनिक म्हणजे अतिथंड. यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू पाण्याच्या गोठणबिंदूच्या खूप खाली थंड करून द्रवरूपात भरतात: हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअस, ऑक्सिजन उणे १८३. एवढा खटाटोप कशासाठी? हायड्रोजनचा ज्वलनवायू हलका असतो आणि फार वेगाने मागे फेकला जातो, त्यामुळे तेवढ्याच किलो इंधनात जास्त वेग मिळतो. वाटसरूच्या भाषेत, एका हंड्यात जास्त मजल मारता येते.

अडचण अशी, की एका हाताच्या अंतरावर एकीकडे उणे २५३ अंश आणि दुसरीकडे हजारो अंशांची ज्वाला असते. त्या थंडीत धातू ठिसूळ होतात, सांधे आकसतात, आणि पंप मात्र मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरायला हवा.

१९९१ मध्ये सोव्हिएत संस्था ग्लावकॉसमॉसशी इंजिने आणि त्यांचे तंत्रज्ञान घेण्याचा करार झाला. अमेरिकेने हे तंत्रज्ञान क्षेपणास्त्रांसाठी वापरले जाईल असा आक्षेप घेऊन १९९२ मध्ये निर्बंध लादले. तो आक्षेप मला कधीच पटला नाही. जे इंधन भरून ठेवता येत नाही, उडण्याच्या जरा आधी भरावे लागते, ते क्षेपणास्त्राच्या काय कामाचे? पण दडपणाचा परिणाम झाला. १९९३ मध्ये करार बदलला: तयार सात इंजिने मिळतील, ती बनवण्याची विद्या नाही.

मग ती विद्या इथेच कमवावी लागली, आणि त्यात दोन दशके गेली. एप्रिल २०१० मध्ये पहिले स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन घेऊन जीएसएलव्ही हे जड उपग्रहांसाठीचे रॉकेट उडाले. इंजिन पेटल्याबरोबर हायड्रोजनचा पंप थांबला आणि रॉकेट समुद्रात गेले. ऑगस्ट २०१३ मध्ये पुन्हा तयारी झाली. उड्डाणाला सव्वा तास उरला असताना दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना दिसले आणि मोजणी थांबवावी लागली. ५ जानेवारी २०१४ ला ते अखेर जमले. त्यापुढचे, अधिक ताकदीचे इंजिन घेऊन एलव्हीएम-३ ने जून २०१७ मध्ये पहिला उपग्रह कक्षेत पोहोचवला. जानेवारी २०२५ पासून इस्रोचे अध्यक्ष असलेले व्ही. नारायणन याच क्रायोजेनिक कामातून घडलेले आहेत.

हा इतिहास एवढा तपशिलात सांगितला, कारण चांद्रयान-३ चे श्रेय बहुतेकदा चंद्रावर उतरतानाच्या शेवटच्या एकोणीस मिनिटांना दिले जाते. त्या मिनिटांपर्यंत पोहोचण्याची ताकद या वीस वर्षांत तयार झाली.

चाळीस दिवस कुठे गेले?

१४ जुलै २०२३ ला एलव्हीएम-३ ने चांद्रयान-३ ला १७० किलोमीटर × ३६,५०० किलोमीटरच्या कक्षेत सोडले. म्हणजे लंबगोल वाट: एक टोक पृथ्वीलगत, दुसरे खूप दूर. पृथ्वीलगतच्या टोकाला यानाचा वेग सेकंदाला सुमारे १०.२ किलोमीटर होता. चंद्राकडे जायला आणखी ०.७ किलोमीटर हवा होता. एवढासा वेग यानाला स्वतःच्या इंजिनाने मिळवायचा होता.

ते इंजिन होते चिमुकले. त्याचा जोर सुमारे ४५ किलोचे पोते उचलून धरण्याइतका. एवढ्या जोराने ३.९ टनांच्या यानाला हवा तेवढा वेग द्यायचा तर इंजिन दीड तासाहून जास्त वेळ चालू ठेवावे लागेल. आणि जोर लावण्याची उत्तम जागा पृथ्वीलगतचे टोक ही आहे, जिथून यान काही मिनिटांत निघून जाते.

तीच जागा उत्तम का? कारण तिथे यान सर्वांत वेगात असते. दहा मिनिटे इंजिन चालवले तर तेवढ्या वेळात ते सहा हजार किलोमीटर कापते, म्हणजे ढकलणे सहा हजार किलोमीटरभर चालते. लांबच्या टोकाला त्याच दहा मिनिटांत हजार किलोमीटरही होत नाहीत. इंधन दोन्हीकडे सारखेच जळते, पण मिळकत पहिल्या ठिकाणी कितीतरी जास्त.

म्हणून हे काम हप्त्यांनी केले. झोक्यावरच्या मुलाला आपण एकाच दणक्यात उंच नेत नाही. झोका खाली आला की नेमक्या क्षणी ढकलतो, पुन्हा वाट पाहतो, पुन्हा ढकलतो. चांद्रयानाला १५ ते २५ जुलैदरम्यान असे पाच ढकले दिले गेले. दर वेळी लांबचे टोक आणखी लांब गेले, शेवटी सव्वा लाख किलोमीटरच्याही पुढे. १ ऑगस्टच्या पहाटेआधी शेवटचा जोर लावून यान चंद्राच्या वाटेला लागले आणि ५ ऑगस्टला चंद्राच्या कक्षेत शिरले. तिथे उलटा क्रम: वेग कमी करत कक्षा लहान करायची. १७ ऑगस्टला विक्रम लँडर, म्हणजे चंद्रावर उतरणारा भाग, वेगळा झाला आणि २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरला.

आधी पोहोचलो असतो तर बरे झाले नसते?

उपयोग नव्हता. विक्रम सौरऊर्जेवर चालणारा होता. चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांएवढा असतो आणि रात्रही तेवढीच, जीवघेण्या थंडीची. उतरण्याच्या जागी सूर्य उगवताच उतरले तरच पूर्ण दिवस कामाला मिळतो. लवकर पोहोचले असते तर सूर्योदयाची वाट पाहत घिरट्याच घालाव्या लागल्या असत्या. माणसे नेणाऱ्या अपोलोला घाई होती, कारण हवा, पाणी, अन्न मोजके होते.

रशियाचे लूना-२५ ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्यानंतर निघाले, पाचेक दिवसांत चंद्राजवळ पोहोचले आणि १९ ऑगस्टला कोसळले. त्या दिवसांत घाई नडली असे पुष्कळांनी म्हटले, पण मला ते योग्य वाटत नाही. थेट वाट हा त्यांचा दोष नव्हता. कक्षा बदलताना इंजिन ठरल्या वेळी बंद झाले नाही, हे अपघाताचे कारण होते.

वजनाचा हिशेब आपल्या यशात मात्र नक्की दिसतो. २०१९ च्या चांद्रयान-२ मध्ये लँडरबरोबर २,३७९ किलोचा ऑर्बिटर, म्हणजे चंद्राभोवती फिरत राहणारा भागही होता. लँडर ७ सप्टेंबरला कोसळला, पण ऑर्बिटर टिकला. त्यामुळे २०२३ मध्ये नवा ऑर्बिटर न्यायची गरज उरली नाही. ते वजन वाचले, आणि लँडर १,४७१ वरून १,७५२ किलोचा करता आला: जास्त इंधन, भक्कम पाय, जास्त मोजमाप साधने. चंद्रावर हवा नाही, पॅराशूट चालत नाही, उतरण्याचा वेग इंधन जाळूनच मारावा लागतो. अशा ठिकाणी जादा इंधन म्हणजे चूक सावरण्याची संधी.

स्वस्ताईचे कौतुक जपून करावे

मंगळयानाचा खर्च सुमारे ४५० कोटी रुपये, चांद्रयान-३ चा सुमारे ६१५ कोटी. यामागे काटकसरीची शिस्त आहेच. जुन्या यानाचा सांगाडा पुन्हा वापरणे, चाचणीसाठी कमी नमुने बनवणे, कमी पगारात निष्ठेने काम करणारी माणसे. पण स्वस्ताईची किंमतही मोजावी लागते, आणि ती सांगितली जात नाही.

मंगळयान १,३३७ किलोचे होते. त्यातले ८५२ किलो इंधनच. मोजमाप करणारी पाच उपकरणे मिळून सुमारे १५ किलोची. मंगळाजवळ पोहोचल्यावर वेग मारायला इंधन मोजकेच, म्हणून कक्षाही अतिलांबट राहिली: एक टोक ४२१ किलोमीटरवर, दुसरे जवळजवळ ७७,००० किलोमीटरवर. बहुतेक वेळ यान मंगळापासून दूरच असायचे. पहिल्याच प्रयत्नात तिथे पोहोचणे आणि सहा महिन्यांसाठी बनवलेले यान २०२२ पर्यंत चालणे ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण आपण कमी पैशांत तेच केले, हे म्हणणे बरोबर नाही. कमी वजनात जेवढे होते तेवढे केले.

आणि हा खर्च तरी गरीब देशाने का करावा? अंतराळ विभागाची २०२५-२६ ची तरतूद सुमारे १३,४०० कोटी रुपये होती. केंद्राच्या एकूण अर्थसंकल्पात दर शंभर रुपयांमागे सव्वीस पैसे. यातला मोठा वाटा हवामान, दळणवळण, नकाशे आणि दिशादर्शन यांच्या उपग्रहांवर व रॉकेटांवर जातो. किनाऱ्यावरच्या लोकांना वादळाचा इशारा काही दिवस आधी मिळतो, त्यात या उपग्रहांचा हातभार आहे. दुसरीकडे, वजन झेपत नाही म्हणून पैसे बाहेरही जातात. ५.८ टनांचा जीसॅट-११ आपण २०१८ मध्ये युरोपच्या एरियन-५ ने पाठवला, ४.७ टनांचा जीसॅट-एन२ २०२४ मध्ये अमेरिकेच्या फाल्कन-९ ने.

दोन रॉकेटं, एक यान

आता पहिल्या प्रश्नाकडे. चांद्रयान-४ चे पाच भाग आहेत आणि सगळे मिळून वजन नऊ टनांच्या आसपास जाते. एलव्हीएम-३ च्या एका उड्डाणात ते बसत नाही, म्हणून दोन उड्डाणे. पृथ्वीच्या कक्षेत दोन्ही गठ्ठे जोडायचे आणि मग पुढे निघायचे. या जोडणीला डॉकिंग म्हणतात.

त्याची तालीम झाली आहे. स्पेडेक्स मोहिमेत प्रत्येकी सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह ३० डिसेंबर २०२४ ला सोडले गेले आणि दोनदा लांबणीवर पडल्यानंतर १६ जानेवारी २०२५ ला ते एकमेकांना जोडले गेले. दोघेही बंदुकीच्या गोळीच्या कित्येक पट वेगाने धावत असतात, पण एकमेकांच्या तुलनेत त्यांना मुंगीच्या पावलांनी जवळ यावे लागते. अमेरिका, रशिया आणि चीननंतर हे जमवणारा भारत चौथा देश आहे.

यावर कोणी म्हणेल, त्यापेक्षा मोठे रॉकेटच बनवा. ते कामही मंजूर आहे. पृथ्वीलगतच्या कक्षेत ३० टन नेणारे आणि पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारे नवे प्रक्षेपक सप्टेंबर २०२४ मध्येच मंजूर झाले. त्यासाठी ८,२४० कोटी रुपये आणि आठ वर्षांची मुदत आहे. श्रीहरिकोटाला त्याच्यासाठी तिसरे प्रक्षेपणस्थळही उभे राहायचे आहे. तोवर थांबायचे, की हाती असलेल्या रॉकेटने दोन फेऱ्या करायच्या? इस्रोने फेऱ्या निवडल्या आणि मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण डॉकिंग आपल्याला तसेही शिकावेच लागणार होते.

चीनचेच पाहा. चांग'ई-५ हे ८.२ टनांचे यान २०२० मध्ये एकाच रॉकेटने गेले आणि चंद्रावरून १,७३१ ग्रॅम माती घेऊन आले. एवढे ताकदवान रॉकेट असूनही त्यांना चंद्राच्या कक्षेत डॉकिंग करावे लागले. कारण पुन्हा आपला तो वाटसरूच. परतीचे पाणी डोक्यावर घेऊन खोल दरीत उतरायचे आणि तेच पुन्हा वर चढवायचे, हा शहाणपणा नाही. ते हंडे दरीच्या काठावर ठेवून हलके होऊन उतरावे. चांद्रयान-४ मध्येही परतीचे इंधन आणि पृथ्वीवर उतरतानाची उष्णता झेलणारे कवच चंद्राभोवती घिरट्या घालत थांबेल. खाली उतरलेल्या भागातून एक छोटासा तुकडा माती घेऊन वर येईल आणि वर थांबलेल्या भागाला येऊन जोडला जाईल. तिथून पृथ्वीपर्यंत संदेश जाऊन उत्तर यायला अडीच सेकंदांहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे शेवटचे काही मीटर दोन्ही यानांना एकमेकांकडे पाहून आपले आपणच कापावे लागतील.